दिवाळीत किल्लाच का?

प्रिय चिऊ,

माती कालवता कालवता तू विचारलंस, "आई, दिवाळीत आपण किल्लाच का करतो? श्योनब्रुनसारखा राजवाडा का नाही?" प्रश्न मोठा आहे, म्हणून निवांत लिहिते.

1683 मध्ये तुर्कांनी आपल्या या व्हिएन्नाला वेढा घातला, तटाखाली भुयारं खणून सुरुंग उडवले, हे तू शाळेत शिकलीसच. त्याच सुमारास औरंगजेब खजिना, तोफखाना, कचेऱ्या असं सगळं बरोबर घेऊन दक्खनमध्ये उतरला होता. तुर्क, मुघल, रशियाचे झार, चीनचे मांचू, सगळेच तेव्हा जमिनीवरून पसरत होते. राजधानी पाडायची, तिथल्या सरदारांना पदरी घ्यायचं आणि सारा वसूल करायचा, ही मुघलांची रीत. विजापूर 1686 ला आणि गोवळकोंडा 1687 ला याच रीतीने बुडाले. 1689 मध्ये संभाजी महाराजांना हाल करून मारलं, रायगडही घेतला. आता मराठे संपले, असंच बादशहाला वाटलं असणार.

पण आपलं राज्य एका राजधानीत नव्हतंच. राजाराम महाराज पार तमिळ मुलखात जिंजीला गेले आणि इकडे सह्याद्रीतला एकेक गड झुंजत राहिला. शेवटी म्हातारा बादशहा स्वतः गड घ्यायला निघाला. साताऱ्याचा अजिंक्यतारा घ्यायला त्याला डिसेंबर 1699 पासून एप्रिल 1700 पर्यंत झगडावं लागलं. तिथेही सुरुंगच लावले. एक उडाला तेव्हा आतली माणसं गाडली गेली. दुसरा उडाला तेव्हा तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईसाठी खाली दाटीने उभे असलेले शेकडो मुघल सैनिक त्याखाली चिरडले. तरीही गड पडला नाही, तो वाटाघाटीने मिळाला. पुढचे बरेचसे गडही असेच, किल्लेदारांना पैसे देऊन घेतलेले. तोरणा मात्र लढून घेतला. आणि घेतलेले गड टिकले कुठे? ताराबाईंच्या माणसांनी ते एकेक करून परत मिळवले. 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. दिल्ली त्याला पुन्हा दिसलीच नाही. दुसऱ्याच वर्षी साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.

मला विचारशील तर आपण किल्ला करतो तो यासाठी. आपल्याला वाचवलं ते गडांनी आणि गडावरच्या साध्या माणसांनी. म्हणूनच तर महाराजांबरोबर मावळेही मांडायचे, चांगले भरपूर.

वाडे आपल्याकडेही झाले. शनिवारवाडा 1732 चा. पण तोवर मराठेही दुसऱ्यांच्या मुलखात पसरायला लागले होते. 1740 नंतर नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालमधली गावं लुटली, जाळली. तिकडे बाळांना झोपवताना अजून त्या स्वारांची, 'बर्गीं'ची भीती घालतात. हेही तुला माहीत हवं, आणि ते मीच सांगायला हवं.

तुझी,
आई