नवसाचे पाकीट

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात मुलगा डेंग्यूने अंथरुणाला खिळला, तेव्हा मी देवाशी करार केला की, तो बरा झाला तर दिवाळीचा संपूर्ण बोनस चर्चला अर्पण करीन. मुलगा बरा झाला. मी यंत्रमागावर चादरी विणतो. बोनसचे पाकीट बायबलमध्ये तसेच ठेवले आहे. आता आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची आहे आणि दुसरा पैसा नाही. वचन मोडले तर देवाचा कोप होईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण ‘करार’ म्हणता, पण जे बोललात तो नवस आहे. नवसात अट माणूस घालतो, तर शास्त्रातील करारात पहिले पाऊल देवाचे असते. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे यज्ञपशूंचे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडतो व लोक आज्ञा पाळण्याचे कबूल करतात. पण त्याआधीच ते मिसरातील (इजिप्तमधील) गुलामगिरीतून सुटलेले होते, त्यांच्या कबुलीने ती सुटका विकत घेतली नव्हती. आपल्या मुलाचे बरे होणेही त्या पाकिटाच्या मोबदल्यात मिळालेले नाही, तेव्हा ही भीती प्रथम मनातून काढावी.

तरीही दिलेला शब्द हलका ठरत नाही. नवस फेडण्यास विलंब लावू नये, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 23 वा अध्याय बजावतो आणि नवस केलाच नाही तर पाप लागत नाही, हेही तेथेच सांगतो (हे बहुधा आपल्याला उशिरा आठवते). मात्र अर्पणाच्या नावाखाली आज्ञा मोडणे देवाला चालत नाही. शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचे सर्व काही नष्ट करावे अशी देवाची आज्ञा असताना त्यांची धष्टपुष्ट मेंढरे इस्राएलचा राजा शौल याने राखून ठेवली आणि ती यज्ञासाठी आहेत असे सांगितले. शमुवेल संदेष्ट्याच्या कानी त्या मेंढरांचे बेंबें पडतच होते आणि त्याने यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे असे सुनावले. आपल्या प्रश्नाच्या तर अगदी जवळचा प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात आहे : आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत दोष दिला.

म्हणून आधी आईचे डोळे. नवसाचे काय, तर लेवीय या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात नवसाने देवाला वाहिलेल्या वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचे मोल पन्नास शेकेल (त्या काळचे एक वजन) रुपे ठरवले आहे, आणि लगेच पुढे म्हटले आहे की, नवस करणारा गरीब असेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे ते ठरवावे. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना भेटा, पाकीट पुढे ठेवा आणि सारी हकिकत सांगा. हप्त्याने द्यायचे ठरले तरी संकोच नको.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. पाकिटाला हात लावण्यापूर्वी आईला घेऊन एकदा सिव्हिलमध्ये जाऊन या.