शेवटच्या आठवड्यात तो चावला

प्रश्न : बाई, मी खानापूर तालुक्यातली. वय बावीस, बेळगावात बी.एड. करते. गेल्या मे महिन्यात भावनिक अडचणी असलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात मदतनीस होते. मुलं सकाळी यायची आणि चारला घरी जायची. माझ्या गटातला आठ वर्षांचा एक मुलगा पहिले चार दिवस टेबलाखालून बाहेरच आला नाही. मग माझं बोट धरून फिरू लागला. शेवटच्या आठवड्यात मात्र थुंकणं, लाथा मारणं सुरू झालं आणि निरोपाच्या आदल्या दिवशी तो माझ्या मनगटाला चावला. सगळं पाण्यात गेलं असं वाटतं. यंदा परत बोलावलंय. जाऊ की नको?

उत्तर : तुझं वय बघून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी मराठी शाळेतली शिक्षिका. अशा शिबिरांत अकरा उन्हाळे काढलेत. जा, असंच सांगेन.

तो कधी चावला ते तूच लिहिलंयस. शिबिर संपणार हे त्याला कुणी आणि कधी सांगितलं होतं? आपल्या भागातल्या कितीतरी मुलांचा बाप गोव्याला कामावर असतो. पोर झोपेत असताना पहाटेच्या गाडीने जातो. कुणाची आई गेलेली असते आणि ‘गावाला गेलीय’ एवढंच सांगितलेलं असतं. अशा मुलाला माणूस जाण्याचा वास आधी येतो. जाणारच आहे तर मीच तोडतो, असं त्याचं चालतं. ज्याचं बोट धरलं, त्याच्याच मनगटाला तो चावतो. तू त्याला कुणीच नसतीस तर तो टेबलाखालीच राहिला असता.

हे मी चूक करून शिकले. एका वर्षी शेवटच्या दिवशी सगळ्यांना कुंदा वाटला आणि तेव्हाच सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. एका मुलीने डबा भिंतीवर फेकला आणि दारामागे जाऊन बसली. दोन तास निघाली नाही. तिची काहीच चूक नव्हती. तेव्हापासून पहिल्याच दिवशी काचेच्या बरणीत शिबिराच्या दिवसांइतके चिंचोके टाकते. रोज घरी जाण्याआधी एका मुलाने एक काढायचा. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी बरणी लाथाडतं. लाथाडू दे. राग तेव्हा आला तर त्याच्याशी बोलायला आपल्याकडे दिवस शिल्लक असतात. शेवटच्या आठवड्यात नवा खेळ, नवी ताई काही आणायचं नाही. कोण कुठल्या शाळेत जाणार, तिथे कुणाजवळ बसणार, एवढंच बोलायचं.

रागाबद्दल बोलताना मुलाच्या घरातली भाषा वापर. एका मुलाला मी आठवडाभर ‘राग आला का?’ विचारत होते, तो भिंतीकडे बघायचा. त्याची आई कानडी. एकदा ‘सिट्टु बंता?’ म्हटलं, तर खांदे खाली आले आणि तो रडला.

आता मनगटाचं. परत कुणी चावलं तर हात ओढू नकोस, ओढला की कातडी फाटते. हात हलकेच त्याच्या तोंडाकडेच ढकल, जबडा सैल होतो. नंतर साबणाने धू, रक्त आलं असेल तर डॉक्टरांना दाखव. मूल भडकलेलं असताना समजावू नकोस, तेव्हा त्याला काही ऐकू जात नाही. बाकी मुलांना बाजूला घ्यायला सांग, दोन हात लांब, थोडी तिरकी उभी राहा, आवाज खाली. संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिही : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. माझ्या वहीत बहुतेक भांडणं जेवणानंतरच्या उकाड्यात आणि वळीव भरून आला की झालेली आहेत. त्यामुळे दुपारी दोननंतर मी चढाओढीचे खेळ बंद केले.

प्रशिक्षणात तुला मुलांना वागण्यावरून गुण देण्या-कापण्याची पद्धत सांगतील. अमेरिकेत विल्यम पेलहॅम यांनी १९८० साली अतिचंचल मुलांसाठी उन्हाळी उपचार शिबिर सुरू केलं, त्यात ती वापरली. त्यातलं जागच्या जागी कौतुक करणं सोनं आहे. ‘शहाणा आहेस’ नको, ‘बॉल हिसकावला नाहीस, मागितलास’ असं नेमकं हवं. पण घाबरलेल्या, दुःखातल्या मुलाचे गुण कापायला मी आजवर राजी झालेले नाही.

होकार देण्याआधी विचार, दिवसभर तिथे प्रशिक्षित समुपदेशक असतो का, आणि एका मदतनिसाकडे मुलं किती. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कुठल्याही मुलाला देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. बालकांची मदतवाहिनी १०९८. आई-बापाला पुढचा रस्ता हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ दे, किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पाठव.

तो मुलगा यंदा आला तर चावण्याचा विषय तू काढू नकोस. मनगट बघेल, तेव्हा बघू दे. ‘बरं झालं बघ,’ एवढंच म्हण आणि बरणी त्याच्या हातात दे, चिंचोके त्यालाच मोजू दे.