पॉमचा खोकला: पुढच्या अँटिबायोटिकआधी एक्स-रे काढून घ्या

पट्टा ओढला किंवा पाणी प्यायला की तुमचा पाच वर्षांचा पॉम (पोमेरेनियन कुत्रा) बदकासारखा खोकतो आणि डॉक्टर पुन्हा अँटिबायोटिकच देताहेत, हे वाचून राहवलं नाही. आमच्या चिकूचं अगदी असंच झालं होतं.

मी डॉक्टर नाही, निदान व्हेटनेच करायचं. पण मला श्वासनलिकेची शंका येते. पॉम, यॉर्की, चिहुआहुआ अशा छोट्या जातींत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात आणि नळी चपटी होते. याला ट्रेकियल कोलॅप्स म्हणतात.

आम्ही आधी जायचो तिथले डॉक्टर चिकूला टेबलावर न घेताच ‘केनेल कफ’ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) लिहून मोकळे व्हायचे. एक्स-रेचं विचारलं तर ‘छोटी कुत्री खोकतातच हो’. मोबाइलवरचा व्हिडिओसुद्धा बघितला नाही! कोर्स संपला की खोकला परत सुरू. किती महिने वाया गेले, आणि त्रास त्या मुक्या जिवाने काढला. अजून संताप होतो. दुसऱ्या डॉक्टरांनी गळ्यापाशी दोन बोटांनी हलकंसं दाबलं आणि लगेच तोच खोकला आला (हे घरी करून बघू नका). मग दोन एक्स-रे काढले, एक श्वास घेताना, एक सोडताना. मानेतली नळी श्वास घेताना चपटी होते, छातीतली सोडताना. त्यामुळे एकाच फोटोत ती निसटू शकते. हृदयही तपासून घ्या, त्यानेही खोकला येतो.

गळपट्टा आजच काढा, छातीवर बसणारा हार्नेस घ्या. वजन जास्त असेल तर उतरवाच. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. चहासोबतची बिस्किटं बंद, आजी-आजोबा कितीही रागावले तरी. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल त्याच्या खोलीत नको. माणसांचं कफ सिरप अजिबात देऊ नका. काही शुगर-फ्री औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो, तो कुत्र्यांना विषारी आहे. आमचं चिकूचं वजन उतरवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं खोकला दाबणारं औषध यावर भागलं, तुमचं वेगळं असू शकतं.

जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर इथे विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि हो, तुम्ही टाकलेल्या फोटोत त्याचे केस मशीनने काढलेले दिसतात. उन्हाळा असला तरी पॉमला तसं करू नका, काहींचे केस नंतर नीट येतच नाहीत. ब्रश करा, दुपारी बाहेर नेऊ नका.