स्वभाव अबोल आहे, चांगला लीडर होता येईल का?

तुम्ही लिहिलंय की नुकतंच टीम लीड केलंय, स्वभाव अबोल, आवाज बारीक, मिटिंगमध्ये चार जण बोलायला लागले की तुमचं बोलायचं राहूनच जातं, तर लीडरला नक्की कुठले गुण आणि सवयी लागतात. मी सहसा असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही, पण 'अबोल' शब्द वाचला आणि राहवलं नाही. आमच्या घरात हाच वाद कित्येक वर्षं चालू आहे.

माझे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी कधी आली, कधी सुटली ते लिहायचं, जन्मभर तेच काम. रिटायर झाल्यावर चिपळूणला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले. चेअरमन माझे सख्खे मामा. मामांचा आवाज खणखणीत, गणपतीत माईक त्यांच्याच हातात, कुठल्याही ऑफिसात गेले की लोक उठून खुर्ची देतात. बाबांना ते 'वहीवाले' म्हणायचे, तेही चारचौघांत.

वही होती खरी. बारा फ्लॅट, प्रत्येकाला एक पान. कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोणाला जिना चढवत नाही, कोणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, कोणाचा मुलगा पुण्याला आणि त्याचा नंबर काय. २००५च्या पुरात पाणी जिथवर आलं होतं तिथे जिन्याच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने रेघ मारून घेतली होती. आणि एक नियम केला होता, तिसरी पायरी बुडाली की तळमजला रिकामा करायचा, विचारत बसायचं नाही. हा नियम कधी केला तर एप्रिलमध्ये, रखरखीत उन्हात, मिटिंग घेऊन, सगळ्यांच्या सह्यांसकट. लोकं हसली होती तेव्हा.

२१ जुलै २०२१ची रात्र. वरून धो धो पाऊस, वाशिष्ठी फुगलेली, त्यात खाडीला भरती आली की नदीचं पाणी उतरायला जागाच राहत नाही हे चिपळूणच्या पोराटोरांनाही माहीत आहे. बाबा झोपलेच नाहीत. मी घरीच होतो, लॉकडाऊनपासून वर्क फ्रॉम होम होतं. बाबांच्या हातात बॅटरी आणि खडू, दर अर्ध्या तासाने खाली जाऊन पाण्याच्या कडेला खूण करायची आणि वहीत वेळ लिहायची, अगदी गाडी लागल्यासारखी. २.०५ पहिली पायरी. ३.१० दुसरी. मग मधला वेळ एकदम कमी झाला, तेव्हाच ते मला म्हणाले, 'आता थांबायचं नाही.' तिसरी पायरी बुडायच्या आधीच त्यांनी तळमजल्याची चारही दारं वाजवली. ओरडले नाहीत. दार उघडलं की एकच वाक्य, 'वर चला, औषधं घ्या, बाकी राहू दे.' एक काकू गॅस सिलिंडर सोडेनात, त्यांच्याशी वाद न घालता बाबांनी आधी त्यांच्या सासूबाईंना खुर्चीसकट उचलायला लावलं, मग काकू आपोआप मागे आल्या. त्या खुर्चीचा एक पाय मी धरला होता, म्हणून सांगतोय.

उजाडेपर्यंत तळमजला गेला होता. लाईट नाही, फोन नाही. बोटी कधी येणार कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसभरात पिण्याचं पाणी कोणाला किती द्यायचं तेही वहीतच ठरलं, कारण माणसं किती आहेत हे एका माणसाला नेमकं माहीत होतं.

आणि मामा? त्याच वहीत २.२० ला नोंद आहे, 'चेअरमन, गाडी बाहेर.' स्वतःची गाडी उंचावर लावून आले आणि कोणालाही न सांगता झोपले. नंतर मदत आली तेव्हा वाटपाला पुढे तेच, भाषणही त्यांचंच. आजही लग्नाकार्यात सांगतात की लीडरकडे पर्सनॅलिटी लागते, ती जन्मजात असते. मामा, तुम्ही हे वाचत असाल तर वाचा, मी तोंडावरही हेच सांगितलंय.

चिपळूणजवळच दळवटण्याला महाराजांच्या लष्कराची छावणी पडली होती, त्यांना लिहिलेलं पत्र सगळ्यांना एका ओळीपुरतं माहीत असतं, रयतेला त्रास देऊ नका एवढंच. पुढचं वाचा. दाणागोटा आत्ताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. रात्री दिवा पेटता ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील. १६७४ला ज्याचा राज्याभिषेक झाला तो राजा त्याच सुमाराला उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करत होता! माझ्या मते लीडरचा पहिला गुण हाच. काय बिघडू शकतं ते डोकं शांत असताना बघून ठेवायचं आणि माणसागणिक माहिती ठेवायची.

तुमच्यासाठी सांगायचं तर मिटिंगमध्ये आवाज चढवायच्या भानगडीत पडू नका. टीममधल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोला, कोण कुठे अडलंय ते लिहा, आणि अमुक तारखेपर्यंत अमुक झालं नाही तर काय करायचं ते आधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. मग ऐनवेळी ओरडावं लागत नाही.

आता हेही सांगायला हवं की बाबांचं सगळंच बरोबर नव्हतं. वही दुसऱ्या कोणाला कळायचीच नाही, अक्षर आणि खुणा त्यांच्याच. २०२३मध्ये ते दोन महिने आजारी होते तर पाण्याच्या टाकीच्या माणसाचा नंबरसुद्धा कोणाला सापडेना. आणि मामांशी जिथे स्पष्ट बोलायला हवं होतं तिथे ते गप्प बसले, त्याचा त्रास सगळ्या बिल्डिंगला झाला. म्हणजे अबोल असलात तरी 'नाही' हा शब्द तोंडातून निघायला हवा, तेवढं शिकून घ्या. तुमची टीम किती जणांची आहे आणि वरचा मॅनेजर कसा आहे ते लिहिलं असतंत तर जास्त नेमकं सांगता आलं असतं. आमच्याकडची वही आता मी एक्सेलमध्ये टाकतोय, सात फ्लॅट झालेत, पाच राहिलेत.