पासपोर्ट रोममध्ये गेला, घर म्युनिकला

म्युनिकमध्ये नोकरी, सुट्टीत रोम, आणि तेर्मिनी स्टेशनवर पाठीवरची सॅक गायब. सॅकेत चौघांचे पासपोर्ट आणि चौघांची जर्मन रेसिडेन्स कार्डे. अशा वेळी माणूस आधी भारतीय दूतावासाकडे धाव घेतो. दूतावास मदत करतोही, पण फिरायला आलेल्या माणसाला तिथे सगळ्यात लवकर जो कागद मिळतो तो म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट. तो एकदाच आणि एकाच दिशेने चालतो, भारतात जाण्यासाठी. घर म्युनिकला, मुलांची शाळा म्युनिकला, आणि कागद मुंबईचा! एकदा त्यावर भारतात पोचलात की नवा पासपोर्ट, मग जर्मन वकिलातीत परतीच्या व्हिसाची खटपट, आणि तोवर पगारी रजा संपलेली. म्हणून तो कागद मागण्याआधी आपल्याला नक्की कुठे जायचे आहे ते ठरवा.

क्रम असा धरा. पहिला अर्धा तास हॉटेलची तिजोरी, गादीखाली, सगळ्यांचे खिसे नीट बघा. हे वेळ काढणे नाही. पासपोर्ट हरवल्याची नोंद झाली की तो रद्द होतो आणि त्याचा क्रमांक इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरीच्या कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकतो. तिसऱ्या दिवशी तो सुटकेसच्या अस्तरात सापडला तरी त्यावर प्रवास करायचा नाही. सीमेवर अडवतात आणि समजावून सांगण्यात विमान सुटते.

खरोखर गेलाच असेल तर पोलीस. इटलीत या तक्रारीला 'देनुन्चा' म्हणतात. ती काराबिनिएरी (तिथले लष्करी पोलीस) घेतात किंवा साधे पोलीस, आणि तेर्मिनी स्टेशनातच रेल्वे पोलिसांचे ठाणे आहे. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तक्रारीत नुसते 'एक सॅक, आत कागदपत्रे' असे लिहून घेणे. चौघांची नावे, चारही पासपोर्टांचे क्रमांक आणि रेसिडेन्स कार्डांचे क्रमांक त्यात आलेच पाहिजेत, मुलांचेसुद्धा. नाहीतर पुढच्या प्रत्येक खिडकीवर 'यात तुमच्या पासपोर्टाचा उल्लेख कुठे आहे?' असे विचारले जाईल. सही-शिक्क्याच्या दोन प्रती मागून घ्या. हे क्रमांक फोनमध्ये आहेत म्हणून निश्चिंत राहू नका, कारण चोर सॅक नेतो तेव्हा बऱ्याचदा फोनही नेतो. झेरॉक्स एक हॉटेलच्या बॅगेत आणि एक घरी ज्याला फोन करता येईल अशा माणसाकडे. भारतीय बँकेचे ओटीपी त्याच फोनमधल्या भारतीय सिमवर येत असतील तर पैशाचा दरवाजाही त्याच क्षणी बंद होतो. निदान एक कार्ड असे ठेवा ज्याला ओटीपीसाठी तो नंबर लागत नाही.

जर्मन रेसिडेन्स कार्ड गेले असेल तर ११६ ११६ या क्रमांकावर त्याची इलेक्ट्रॉनिक ओळख बंद करता येते (बाहेरून लावताना आधी ४९), आणि तुमच्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाला त्याच दिवशी ईमेल करा. आता फाटा फुटतो. कार्ड हातात आहे, फक्त पासपोर्ट गेला: मग आपल्या गावच्या भारतीय वकिलातीत, म्हणजे म्युनिकला, पासपोर्ट काढणेच शहाणपणाचे, कारण ती तुमच्या राहण्याच्या पत्त्याची वकिलात आहे. पण तिथवर पोचायचे कसे? विमान कंपनी पासपोर्टाशिवाय बसू देईल याची खात्री नाही. रेल्वेने शेंगेनमधल्या (युरोपातल्या एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांमधल्या) सीमा ओलांडताना एरवी फारशी तपासणी नसते, मात्र कायद्याने पासपोर्ट लागतोच, आणि सप्टेंबर २०२४ पासून जर्मनी आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी करते आहे. म्हणून रोमचा दूतावास आणि म्युनिकची वकिलात या दोघांनाही लेखी कळवा, त्यांचे उत्तर, पोलिसांची तक्रार, कार्ड आणि झेरॉक्स हातात घ्या, मगच गाडी पकडा. कार्डही गेले असेल तर रोममधल्या जर्मन दूतावासाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका.

एवढ्या सगळ्या धावपळीचे मूळ एकच: सगळे कागद एका सॅकेत. पासपोर्ट एकाच्या अंगाला, रेसिडेन्स कार्डे दुसऱ्याच्या. घरातला सगळ्यात व्यवस्थित माणूस सगळे सांभाळतो ही आपली सवय इथे महागात पडते.

अमेरिकेतल्यांसाठी तोच प्रसंग थोडा वेगळा. ग्रीन कार्ड परदेशात हरवले तर अमेरिकी वकिलातीत आय-१३१ए हा अर्ज असतो. त्यावर विमानात चढण्यापुरती परवानगी मिळते. उलट दिशेचा प्रसंगही होतोच: सुट्टीत पुण्याला आलेल्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट शिवनेरी बसमध्ये राहतो. पोलिसांत नोंद, मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत तातडीचा पासपोर्ट. मूल सोळा वर्षांखालचे असेल तर दोन्ही पालक समोर हवेत, नाहीतर न आलेल्या पालकाचे नोटराईज्ड संमतीपत्र. बाबा डॅलसमध्येच राहिले असतील तर हे पत्र येईपर्यंत काहीच हलत नाही. मूल ओसीआयऐवजी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाऐवजी) ई-व्हिसावर आले असेल तर नवा पासपोर्ट मिळूनही थेट विमानतळावर जाऊ नका. आधी ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावरून देश सोडण्याची परवानगी काढा.

आणखी एक अपघात आवाज न करता होतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा मंजुरीकागद तीन वर्षांचा, पण पासपोर्टाची मुदत अकरा महिने उरलेली. अमेरिकेत उतरताना अधिकारी आय-९४ची, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, तारीख पासपोर्टाच्या मुदतीपर्यंतच देऊ शकतो, आणि बऱ्याचदा देतोच. कुणी बघत नाही. मुलांच्या बाबतीत हे जास्त घडते, कारण मोठ्यांचा भारतीय पासपोर्ट दहा वर्षांचा आणि लहानांचा पाच वर्षांचा. वडिलांचे आय-९४ २०२८पर्यंत आणि मुलीचे २०२६पर्यंत. आईच्या पासपोर्टाने हाच घोळ केला आणि ती तारीख उलटून १८० दिवसांहून जास्त राहिली, तर देश सोडल्यावर तीन वर्षे परत येण्यावर बंदी येऊ शकते. सामान उघडण्याआधी, उतरल्याच्या दिवशीच, अमेरिकी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर घरातल्या प्रत्येकाचे आय-९४ काढून बघा. प्रवासाच्या आधी पासपोर्ट नवा करणे हाच सोपा उपाय. नंतर वकिलाची फी द्यावी लागते.

आय-७९७चाही, म्हणजे एच-१बीच्या त्या मंजुरीकागदाचाही, असाच गैरसमज. तो कागद अमेरिकेत राहण्यासाठी. पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असताना युरोपातून किंवा लंडनमार्गे भारतात निघालात, तर जिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो तिथल्या सवलतीसाठी सहसा चालू अमेरिकी व्हिसा मोजला जातो, आय-७९७ नाही. न्यूअर्कच्या काउंटरवरच बोर्डिंग पास नाकारू शकतात, आणि तो कर्मचारी उर्मटपणा करत नसतो: चुकीच्या कागदावर माणूस नेला तर दंड विमान कंपनीला बसतो. ट्रान्झिटचे नियम देशोदेशी सारखे बदलतात. तिकीट काढतानाच विमान कंपनीला त्यांच्या टिमॅटिक यंत्रणेत तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग घालून तपासायला सांगा. काउंटरवरचा माणूसही तेच बघून ठरवतो. आखाती विमानतळांवरून जाणारा किंवा थेट मार्ग थोडा महाग असला तरी व्हिसा संपलेल्यांनी तोच धरावा असे आमचे मत.

दोन वेगवेगळी तिकिटे जोडून काढलेला स्वस्त प्रवासही इथेच फसतो. पहिल्या विमानाचे सामान मधल्या शहरात पट्ट्यावर येते, ते घ्यायला इमिग्रेशनबाहेर पडावे लागते, म्हणजे त्या देशाचा व्हिसा हवा. पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणेघेणे नसते, तिकीट गेले. आता मुंबईत याची घरगुती आवृत्तीही आहे: ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. सहारला उतरून पुढे नागपूरचे विमान पकडायचे असेल तर तिकिटावर बीओएम (सहार) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे डोळे फाडून वाचा.

सामान आले नाही, तर पट्ट्याजवळच थांबा. कस्टम्स ओलांडून घरी जाऊन फोन करू असे म्हणू नका. विमान कंपनीच्या सामान खिडकीवर पीआयआर नावाचा अहवाल नोंदवतात आणि त्याचा दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो. त्याशिवाय पुढचा दावा लंगडा. वेगवेगळ्या कंपन्यांची विमाने एकाच तिकिटावर असतील तर तक्रार शेवटच्या कंपनीकडे. भारतात उतरला असाल तर न आलेल्या बॅगेसाठी कंपनीकडून दाखला घेऊन कस्टम्सची सही घ्या, त्यात करमाफीची किती मर्यादा वापरायची राहिली ते लिहिलेले असते. नाहीतर बॅग चार दिवसांनी आल्यावर तिच्यातल्या वस्तूंवरून नव्याने वाद.

पुढे मुदती. १९९९च्या माँट्रियल करारानुसार फुटलेल्या किंवा फाटलेल्या बॅगेची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असे धरून दावा करता येतो. कोर्टात जाण्याची मुदत दोन वर्षे. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. ही कमाल मर्यादा आहे, सरसकट रक्कम नाही. कंपनी पावत्या मागते, आणि आजीने शिवलेल्या गोधडीची पावती कुणाकडे नसते. बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचे दोन फोटो आणि बाहेरून एक, टॅगसकट. दागिने, लॅपटॉप, घराच्या किल्ल्या चेक-इनमध्ये कधीच नाहीत. बॅग येईपर्यंत घेतलेले कपडे, दंतमंजन, बाळाचे दूध यांच्या पावत्या जपा. तो खर्च मागता येतो, पण माफक हवा. नवा सूट त्यात बसत नाही.

विमानाच्या उशिराचे पैसे मात्र दिशेवर ठरतात. युरोपीय संघाचा २००४चा २६१ क्रमांकाचा नियम संघातून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागतो, पण बाहेरून संघात येताना फक्त युरोपीय कंपनीला. म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला आखाती कंपनीने एकाच बुकिंगवर गेलात, मधले विमान चुकले आणि शेवटी चार तासांहून उशिरा पोचलात, तर ६०० युरोंचा दावा होऊ शकतो. त्याच कंपनीने मुंबईहून परत येताना तितकाच उशीर झाला तर या नियमाखाली शून्य. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर हे पैसे मिळत नाहीत, तांत्रिक बिघाड मात्र सहसा सबब ठरत नाही. जेवण आणि रात्रीचे हॉटेल वादळातही देणे बंधनकारक आहे, आणि ते मागितल्याशिवाय क्वचितच मिळते.

जर्मनीत सरकारी विमा असलेल्यांच्या आरोग्य कार्डाच्या मागे युरोपीय कार्ड छापलेले असते आणि त्या भरवशावर लोक स्वित्झर्लंडला बर्फात जातात. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ते कार्ड स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही, डेन्मार्कमध्येही नाही. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा पूर्ण खर्च त्यातून मिळेल असे तर कुणीच धरू नये. वेगळा प्रवास विमा घ्या आणि त्यात डोंगरातली सुटका आणि मायदेशी परत नेणे हे शब्द आहेत का ते बघा.

शेवटी डबे. दिवाळीत आईने दिलेले अनारसे दुबईला नेत असाल तर खसखस खरवडून नव्हे, तर अनारसेच घरी ठेवून जा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, सिंगापूरमध्येही. काही घरच्या गोड्या मसाल्यातही ती असते, ते आईला विचारा. खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून भारतीय विमानतळांवर चेक-इनमधून काढायला लावतात. युरोपात पेढे, तूप, खवा वैयक्तिक सामानातूनही चालत नाहीत, ताजा कढीपत्ताही नाही. पण आख्खा नारळ बिनकागदाचा चालतो, अननस, केळी, खजूर यांच्या रांगेत. न्यूझीलंडला जाताना प्रवासी घोषणापत्रात सगळे लिहा, शंका असली तरी लिहा. लिहिलेली वस्तू फार तर टाकून देतात, न लिहिलेल्या वस्तूला जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. बाबांच्या गोळ्यांत ट्रामाडॉल किंवा खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर अमिरातीत उतरण्याआधी तिथली सरकारी ऑनलाइन परवानगी काढा, आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. आठवड्याच्या वारांच्या डबीत भरलेल्या गोळ्या कस्टम्सला ओळखता येत नाहीत.