फ्रेमलेसला गट नेताना: एका संयोजकाचा अनुभव

आपण विचारले आहे की, मंडळाच्या तीसेक जणांना, ज्यांत भारतातून आलेले आजी-आजोबा आणि लहान मुलेही आहेत, लेस्टरहून बसने लंडनच्या फ्रेमलेसला, म्हणजे प्रसिद्ध चित्रे प्रोजेक्टरने भिंतींवर आणि जमिनीवर हलती दाखवणाऱ्या प्रदर्शनाला, एका दिवसात नेऊन आणणे जमेल का, आणि ‘भिंतीवरची चित्रे’ पाहायला एवढा खटाटोप करावा का. मी दोनदा असा गट नेला आहे. सहल नक्की जमते, मात्र त्याच दुपारी एखादे खरे चित्र पाहायचे ठरवले नाही, तर जाण्यायेण्याचा शीण वसूल होत नाही, असे माझे मत झाले आहे.

मार्बल आर्चजवळच्या जुन्या ओडियन चित्रपटगृहाच्या जागी, जमिनीखाली, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या फ्रेमलेसमध्ये चार दालने आहेत आणि प्रत्येकात चित्रे पुन्हा पुन्हा दाखवली जातात, त्यामुळे कोणी कुठूनही सुरुवात केली तरी बिघडत नाही. पहिल्या वेळी मी शाळेच्या सहलीसारखे प्रत्येक दालनाला वेळ वाटून दिला आणि सगळ्यांना हाकत राहिलो. ती चूक आपण करू नका. दहा-दहांचे गट करून दीड तास मोकळे सोडावे. ज्यांना गाडी लागते, त्यांना इथेही गरगरू शकते, कारण भिंतींबरोबर जमीनही सरकते आहे असे वाटते. त्यांनी भिंतीला टेकून बसावे. रंगांच्या दालनात जमिनीवरचे कुंचल्याचे फटकारे चालणाऱ्याच्या पावलांनी विखुरतात. आमच्यातले एक आजोबा गुडघेदुखी विसरून तिथे तीन फेऱ्या मारून आले. कपडे फिकट रंगाचे असावेत, म्हणजे अंगावरही चित्र उमटते. (एका आजींच्या पांढऱ्या पदराचे फोटो अजून आमच्या ग्रुपवर फिरत आहेत.)

इथे दाखवले जाणारे डच चित्रकार रेम्ब्रांटचे ‘गॅलिली समुद्रावरील वादळ’ मात्र कोणी चुकवू नये. १६३३ सालचे हे चित्र १८ मार्च १९९० रोजी बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून चोरीला गेले, ते आजतागायत सापडलेले नाही आणि तिथे त्याची रिकामी चौकट टांगलेली आहे. इतर चित्रांच्या बाबतीत ‘अस्सल पाहिलेले बरे’ असे म्हणता येते, इथे तो पर्यायच नाही. होडीतला, दोर धरून थेट आपल्याकडे पाहणारा माणूस म्हणजे स्वतः रेम्ब्रांट, असे मानतात. मुलांना त्याला शोधायला सांगावे.

जेवणासाठी समोरच हाइड पार्क आहे. दशम्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या घरूनच न्याव्यात, कारण तीस जणांना एकत्र बसता येईल असे हॉटेल त्या भागात ऐनवेळी मिळत नाही. तिथून दहा-पंधरा मिनिटे चालत गेल्यावर मँचेस्टर स्क्वेअरमधले वॉलेस कलेक्शन हे कलासंग्रहालय लागते आणि त्याला प्रवेशशुल्क नाही. तिथे डच चित्रकार फ्रान्स हाल्सचे १६२४ चे ‘लाफिंग कॅव्हेलियर’ पाहावे. जेमतेम दोन हात उंचीच्या त्या चित्रात बाहीवरच्या भरतकामात मधमाश्या, बाण आणि ज्वाळा आहेत. दीड तास हलणाऱ्या भिंती पाहून आलेली आमची मुले त्या न हलणाऱ्या बाहीसमोर मधमाश्या मोजत बराच वेळ उभी होती.

वॉलेस पाच वाजता बंद होते. परतीची बस सव्वापाचला ठेवावी आणि ती नेमकी कुठे थांबेल हे चालकाकडून सकाळीच लिहून घ्यावे.