फोटो विरून जातो तेव्हा

प्रश्न : यादवी युद्धांचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांवरचे सिनेमे मी आवडीने बघते. पण नायक दर वेळी गोराच. स्थानिक माणसं नुसती मागे पळत असतात. एखादा अपवाद सुचवाल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तक्रार रास्त आहे. तरी १९८४ चा ‘द किलिंग फील्ड्स’ बघाच. १९७५, कंबोडिया. राजधानी नॉम पेन्ह कट्टर कम्युनिस्ट बंडखोरांच्या, म्हणजे ख्मेर रूजच्या, हाती पडतं. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चा सिडनी शॅनबर्ग सुटतो, त्याचा कंबोडियन सहकारी डिथ प्रान अडकतो. फ्रेंच वकिलातीत प्रानसाठी खोट्या पासपोर्टची खटपट चालते. जमेल त्या रसायनात फोटो धुतात, चेहरा उमटतो, सगळे हुश्श करतात. आणि मग तोच चेहरा कागदावरून विरून जातो. गोळीबाराच्या दृश्यांपेक्षा मला याचीच धास्ती बसली होती.

पुढे कॅमेरा शॅनबर्गला बराचसा सोडून प्रानबरोबर भातखाचरांत उतरतो. तुमचा अपवाद तो हा. प्रान झालेले हाइंग न्गोर मुळात नट नव्हेतच, डॉक्टर. ख्मेर रूजच्या राजवटीत जीव वाचवायला त्यांनी डॉक्टरकी लपवली होती. त्यांची बायको त्यांच्याच छळछावणीत बाळंतपणात दगावली. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. सहायक! सिनेमा अर्धाअधिक त्यांच्या खांद्यावर, तरीही.

शेवटच्या भेटीवर जॉन लेननचं गाणं लावलंय, ते मात्र मला अजून खटकतं. तिथे आवाज बंद केलात तरी चालेल.